बोरघाट आणि इंजिनाचा दम

टाटांच्या मालमोटारींवर लिहिलेला चार आकडी क्रमांक म्हणजे नुसते नाव नव्हे. पहिले दोन आकडे मालासकट गाडीचे एकूण वजन टनांत सांगतात. पुढचे दोन आकडे इंजिनाची ताकद सांगतात, अश्वशक्तीच्या दहाच्या पटीत. १२१० म्हणजे १२ टन आणि साधारण १०० अश्वशक्ती. १६१३ म्हणजे १६ टनांना १३०, २५१५ म्हणजे २५ टनांना १५०, ३११८ म्हणजे ३१ टनांना १८०. अलीकडची ५५३० म्हणजे ५५ टनांना ३००. हे आकडे ढोबळ आहेत, पण कंपनीने स्वतःच गाडीच्या तोंडावर रंगवलेले आहेत, म्हणून ते पुरावा म्हणून वापरायला माझी हरकत नाही. आता साधा भागाकार करा. एका टनाच्या वाट्याला किती अश्वशक्ती येते? १२१० मध्ये ८.३, १६१३ मध्ये ८.१, २५१५ मध्ये ६, ३११८ मध्ये ५.८ आणि ५५३० मध्ये साडेपाचपेक्षाही किंचित कमी.

म्हणजे इंजिन तिपटीने तगडे झाले आणि टनामागची ताकद एकतृतीयांशाने घटली. वीस फुटांत एक फूट असा चढ धरला, टायरांचे घर्षण आणि गिअरांतली गळती हिशेबात घेतली, तर नियमात भरलेली १२१० घाटात ताशी ३२ किलोमीटरच्या आसपास चढते. नियमात भरलेली २५१५ चढते ताशी २३ ने. जुनी गाडी विनाटर्बो होती; नंतरच्या १६१३ वर अभिमानाने 'टीसी' अशी अक्षरे आली. टीसी म्हणजे टर्बोचार्ज्ड.

खोपोली ते खंडाळा या टप्प्यात आयुष्य गेलेल्या माणसाला हे गणित सांगावे लागत नाही. ट्रक पूर्वीही रांगत होते, आजही रांगतात. पण त्यांच्या शेजारून जाणाऱ्या मोटारी पूर्वीच्या राहिलेल्या नाहीत. एकाच युक्तीने ट्रकला वजन दिले आणि मोटारीला वेग दिला, आणि दोघांमधले अंतर वाढत गेले. ही युक्ती म्हणजे इंजिनाला जास्त हवा पाजणे. तिचा इतिहास कर्जत आणि खालापूर या दोन तालुक्यांच्या जमिनीवर उभे राहून सांगता येतो, कारण दीडशेहून अधिक वर्षे इंजिनांच्या दमाची परीक्षा इथेच घेतली गेली. मी इंजिनिअर नाही आणि इतिहासाचा पदवीधरही नाही. गॅरेजांत बसून, जुनी सर्व्हिस मॅन्युअले आणि रेल्वेची पुस्तके रद्दीतून वेचून जे जमले ते मांडतो आहे.

आधी नावाबद्दल दोन शब्द. इंग्रजी कागदांत या घाटाचे स्पेलिंग असे काही केले गेले की वाचणारा 'भोर घाट' म्हणतो आणि त्याचा संबंध भोर संस्थानाशी जोडतो. आमच्याकडे तो बोरघाटच. पेशवाईत पुण्याहून कोकणात उतरणाऱ्यांची ही वाट. नाना फडणविसांनी खोपोलीला बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ त्याची साक्ष देतात. गाड्या जातील असा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर जॉन माल्कम याच्या काळात खुला झाला. १८५६ मध्ये आगगाडी पळसदरीवरून खोपोलीपर्यंत आली आणि तिथेच अडली. पुढे डोंगर. काही वर्षे मुंबईचा प्रवासी खोपोलीला उतरून पालखीने किंवा बैलगाडीने खंडाळ्याला जाई आणि तिथून पुन्हा आगगाडी धरी. १८६३ मध्ये कर्जतकडून चढणारा लोहमार्ग पुरा झाला: पंधरा-सोळा मैलांत १,८३१ फूट चढ, २५ बोगदे, आणि सगळ्यांत कठीण जागी ३७ फुटांत एक फूट चढण. रस्त्यासाठी ही चढण मामुली, पण लोखंडावर लोखंड फिरते तिथे ती भयंकर आहे. या घाटाची वाट धनगर शिंगरोबाने इंग्रजांना दाखवली, असे लोक सांगतात. जुन्या रस्त्यावर त्याचे देऊळ आहे आणि आजही ड्रायव्हर तिथे नाणे टाकतात.

कर्जतला गाडी थांबे ती मागे जादा इंजिन जोडण्यासाठी. त्याला बँकर म्हणतात. कर्जतचा बटाटवडा महाराष्ट्रभर गाजला तो या थांब्यामुळे, हे बहुतेकांना ठाऊक असते. कमी लोकांना ठाऊक असते ती त्या वाफेच्या इंजिनाच्या धुराड्याखालची गोष्ट, आणि माझ्या मते आजच्या टर्बोची आजी तिथे बसलेली आहे.

वाफेचे इंजिन चढाला लागले की त्याला वाफ जास्त लागते. जास्त वाफ म्हणजे जास्त कोळसा. पण कोळसा नुसता टाकून भागत नाही, आगीला वारा लागतो. भट्टीला भाता कोण मारणार? यावर उपाय असा की, सिलिंडरमधून काम करून बाहेर पडलेली वाफ एका निमुळत्या तोटीतून धुराड्यात सोडायची. तिला ब्लास्ट पाइप म्हणतात. ती वाफ जोराने वर जाताना आजूबाजूचा धूर ओढून नेते, मागे पोकळी होते आणि ती भरायला भट्टीच्या जाळीतून ताजी हवा आत येते. आगगाडीचा तो 'भक् भक्' आवाज याच वाफेचा. इंजिन जितके जास्त राबेल तितकी जास्त वाफ बाहेर पडेल, तितका आगीला वारा जास्त. म्हणजे टाकाऊ वाफच भाता चालवते, आणि गरज वाढेल तसा भाता आपोआप वाढतो.

तोटी अरुंद केली की ओढ वाढते, पण मग बाहेर पडणाऱ्या वाफेला अडथळा होतो आणि सिलिंडरवर उलटा दाब येतो. इंग्लंडमधले काही ड्रायव्हर चोरून तोटीच्या तोंडावर लोखंडी तुकडा आडवा बसवत, म्हणजे आग फुलते. त्या तुकड्याला ते 'जिमी' म्हणत. रेल्वे कंपन्यांची त्याला मनाई होती, तरी ड्रायव्हर तो खिशात बाळगत. कंपनीने दिलेले इंजिन आणि राबणाऱ्याला हवे असलेले इंजिन यांतला हा झगडा इतका जुना आहे.

१९२९-३० मध्ये कल्याण ते पुणे मार्गावर विजेच्या गाड्या आल्या आणि या घाटात रेल्वेचा हवेशी असलेला संबंध संपला. स्विस आराखड्याच्या त्या लांब नाकांच्या इंजिनांना कामगार 'खेकडा' म्हणत. विजेच्या मोटरीला फुप्फुसे नसतात. तेव्हा आपली गोष्ट आता लोहमार्ग सोडून रस्त्यावर येते. पण मध्ये थोडे परदेशात जायला हवे.

स्वित्झर्लंडचा आल्फ्रेड ब्युखी या इंजिनिअरला एक गोष्ट खुपत होती. इंजिनात जळणाऱ्या तेलातली जवळपास एकतृतीयांश उष्णता धुराबरोबर फुकट बाहेर जाते. त्या गरम धुराच्या झोताने एक चक्र फिरवावे, त्याच दांड्यावर दुसरे चक्र बसवावे आणि दुसऱ्या चक्राने बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबावी, ही त्याची कल्पना. त्याचे पेटंट १९०५ चे. तत्त्व ब्लास्ट पाइपचेच: टाकाऊ झोताकडून भात्याचे काम करून घेणे. फरक इतकाच की, इथे हवा मागून ओढण्याऐवजी पुढून ढकलली जाते.

ते यंत्र खरे ठरले की नाही हे पाहायला अमेरिकेत सॅनफर्ड मॉस याने १९१८ मध्ये डोंगर गाठला. कोलोरॅडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटी शिखरावर त्याने विमानाचे लिबर्टी इंजिन नेले. समुद्रसपाटीला ३५० अश्वशक्ती देणारे ते इंजिन विरळ हवेत २३० च्या आसपास घसरले. टर्बो जोडल्यावर ते तिथेही साडेतीनशेच्या वर गेले. आपल्याकडे इतकी उंची नाही. खोपोलीहून लोणावळ्याला पोचेपर्यंत हवा पाच टक्क्यांच्या आसपासच विरळ होते. बोरघाटात इंजिन दमते ते विरळ हवेने नव्हे, चढाने. पण 'इंजिनाची ताकद म्हणजे त्याने घेतलेली हवा' हे मॉसने शिखरावर मोजून दाखवले, आणि खोपोलीतल्या मिस्त्रींनी ते धुराच्या रंगावरून ओळखले.

त्या मिस्त्रींबद्दल कोणी लिहिलेले नाही, म्हणून थोडे सविस्तर लिहितो. १९५४ मध्ये टाटा आणि मर्सिडीज-बेंझ यांचा करार झाला आणि पुढची काही दशके या रस्त्यावर त्याच घराण्यातल्या डिझेल इंजिनांचे राज्य होते. या इंजिनांचे डिझेल पंप 'मायको' कंपनीचे. तिच्या नाशिकच्या कारखान्यात नोझल आणि इंजेक्टर बनत. डिझेल इंजिनात हवा मोजणारे काही नसते. ती येईल तेवढी येते. ड्रायव्हर पायाने फक्त डिझेल कमी-जास्त करतो, आणि जास्तीत जास्त किती डिझेल जाऊ द्यायचे हे पंपावरचा एक स्क्रू ठरवतो. त्या स्क्रूला तार आणि शिशाचे सील असते. घाटाच्या पायथ्याला ट्रक दमला की ड्रायव्हर म्हणे, "पंप वाढवा." मिस्त्री सील तोडून स्क्रू फिरवी. पिकअप जरा वाढल्यासारखा वाटे आणि मागे काळ्या धुराचा लोट सुटे.

खोपोलीतले एक वयस्क पंप मिस्त्री मला म्हणाले होते, "अहो, डिझेल किती पन पाजा. हवा नाय तर गाडी काजळ ओकनार." यात सगळे शास्त्र आले. एक किलो डिझेल पुरते जळायला साधारण साडेचौदा किलो हवा लागते. प्रत्यक्षात ते सिलिंडरमध्ये नीट मिसळत नाही, म्हणून अठरा-वीस किलोच्या खाली गेले की धूर दिसू लागतो. त्यापुढे ओतलेले डिझेल ताकद देत नाही. ते काजळी होते, बाकीचे इंजिन तापवते, पिस्टनचे डोके जाळते. कुशल मिस्त्री स्क्रू फिरवायच्या आधी एअर फिल्टर काढून झटकत. घाटात धूळ, पावसाळ्यात ओल. तुंबलेला फिल्टर बदलला की स्क्रूला हात न लावता गाडी चढे. नोझलचे फवारे तपासत. फवारा धुक्यासारखा पडला पाहिजे, लघवीसारखी धार नको, ही त्यांची भाषा. मला ती कुठल्याही मॅन्युअलपेक्षा अचूक वाटते.

टर्बो आला तेव्हा या मंडळींना पंपावर एक नवी डबी दिसली. टर्बोचा दाब तयार व्हायला वेळ लागतो. तोवर पूर्ण डिझेल सोडले तर धूर होणार. म्हणून हवेचा दाब एका पडद्यावर घेऊन, दाब वाढेल तसेच डिझेल वाढू देणारी ही डबी. हवा आधी, इंधन मागून, असा क्रम यंत्रातच बसवला गेला. पुण्यात किर्लोस्कर कमिन्स ही कंपनी १९६२ पासून होती आणि जनित्रांच्या, अवजड यंत्रांच्या जगात टर्बो काही नवा नव्हता. रस्त्यावरच्या ट्रकांत तो सर्रास झाला तो धुराचे नियम कडक झाले तेव्हा. म्हणजे टर्बो इथे शक्तीचा शौक म्हणून आला नाही. धूर कमी करायला आला, शक्ती बरोबर मिळाली, आणि ती शक्ती मालकांनी टनांत वसूल केली. भाडे टनावर मिळते, मिनिटावर नाही. वर दिलेला भागाकार त्याचाच परिणाम.

मोटारींची कथा वेगळ्या घरातली. फियाट ११००, पुढे पद्मिनी: १,०८९ सीसी, ४० च्या आसपास अश्वशक्ती, कुर्ल्याच्या प्रीमिअर कारखान्यात जन्मलेली. कार्बोरेटरमधून जाणारी हवाच पेट्रोल ओढून घेई. घाटात रेडिएटर उकळला की बॉनेट उघडून ती रस्त्याकडेला उभी. परदेशात टर्बोच्या मोटारी १९६२ पासून निघाल्या होत्या. अमेरिकेतल्या ओल्ड्समोबाइल जेटफायरला तर इंजिन खडखडू नये म्हणून पाणी आणि मिथेनॉलचे मिश्रण वेगळ्या टाकीतून पाजावे लागे. मालक ते भरायला विसरत आणि गाडी दोन वर्षांतच बंद झाली. स्वीडनच्या साब ९९ टर्बोने १९७८ पासून रोजच्या वापरात ही युक्ती पेलून दाखवली. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात पुण्यात बनलेल्या टाटांच्या मोटारींच्या पाठीवर 'टर्बो' ही अक्षरे दिसू लागली, तीही डिझेल. पेट्रोल टर्बोचा पहिला नाव घेण्याजोगा धक्का दिला तो औरंगाबादला जुळवल्या जाणाऱ्या स्कोडा ऑक्टाव्हिया आरएसने, २००४ मध्ये, १५० अश्वशक्तीसह. २०१३ मध्ये चाकणची फोक्सवॅगन पोलो जीटी आली: अवघे १.२ लिटरचे इंजिन आणि १०५ अश्वशक्ती. २००२ मध्ये पूर्ण झालेला द्रुतगती मार्ग तोवर रुळला होता. मुंबई-पुण्याची पोरे शनिवारी पहाटे चौक-कर्जत रस्त्याला आणि घाटाला गाड्या घेऊन येऊ लागली, त्यांतल्या काही गाड्या कारखान्यातून निघाल्या तशा राहिलेल्या नव्हत्या.

या गाड्यांत नेमके काय बदलतात, हे समजून घ्यायला मला बराच काळ लागला, कारण करणारे बोलतात ते पुड्यांवर छापलेल्या शब्दांत. पण मुळात हिशेब हवेचाच आहे. १.२ लिटरचे इंजिन मिनिटाला पाच हजार फेऱ्यांवर सुमारे ३,००० लिटर हवा गिळते. दहा फूट लांब, रुंद आणि उंच खोलीतली सगळी हवा साडेनऊ मिनिटांत संपवेल. वजन करायचे तर साडेतीन किलो दर मिनिटाला. टर्बोने दाब १.८ पट केला तर सहा किलोंच्या घरात. तेवढ्या हवेला मिनिटाला चारशे ग्रॅमहून जास्त पेट्रोल हवे. शक्ती वाढवायची तर हे दोन्ही आकडे बरोबरीने वाढले पाहिजेत.

पहिला हात बहुतेकदा एअर फिल्टरला लागतो, कारण तो स्वस्त असतो आणि त्याचा आवाज येतो. उघडा फिल्टर लावला की टर्बोचा सुस्कारा ऐकू येतो आणि पोरे खूश होतात. पण तो बॉनेटखाली, गरम इंजिनाशेजारी उघडा असेल तर गरम हवाच ओढतो. गरम हवा विरळ असते. खर्च करून आवाज विकत घेतला, एवढेच. नाकाशी थंड हवा आणणारी बंदिस्त नळी केली तर फरक पडतो. मग धूर बाहेर जाण्याची वाट मोकळी करतात, टर्बोच्या लगेच पुढचा पाइप रुंद करतात. ब्लास्ट पाइपच्या तोंडाचा तोच जुना प्रश्न: अडथळा कमी झाला तर चक्र लवकर फिरते. मात्र त्या पाइपात धूर शुद्ध करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, आणि तो काढून टाकणे हा गुन्हाही आहे आणि घाटाखाली राहणाऱ्यांच्या नाकावर केलेला अत्याचारही. याबाबत माझे मत सौम्य नाही.

तिसरा बदल इंटरकूलर, आणि घाटात खरा फरक हाच पाडतो. हवा दाबली की तापते, सायकलला पंप मारताना हे हाताला कळते. ३० अंशांची हवा १.८ पट दाबली की टर्बोतून बाहेर पडताना ११० अंशांच्या आसपास असते. तीच ५५ अंशांपर्यंत थंड केली तर त्याच दाबात सुमारे १७ टक्के जास्त हवा मावते. पेट्रोल वेळेआधी पेटून इंजिन खडखडण्याचा धोकाही कमी होतो. आता एप्रिलमधले कर्जत डोळ्यांपुढे आणा. बाहेरच चाळीस अंश. गाडी ट्रकच्या मागे ताशी वीसने सरकते आहे, जाळीवर वारा नाही, इंटरकूलर तव्यासारखा तापला आहे. पुढचा ट्रक बाजूला होतो, पोरगा पाय दाबतो आणि वर्कशॉपच्या रोलरवर, पंख्यासमोर मोजलेली वाढीव शक्ती तिथे नसते. गाडीचा संगणक शहाणा असेल तर तो प्रज्वलन मागे घेतो आणि गाडी नुसती मंद होते. त्याच्या त्या मर्यादा कुणी पुसून टाकल्या असतील तर पिस्टन जातो.

संगणकाच्या या नव्या पाढ्यांना रिमॅप म्हणतात. जुन्या पंपाचा सीलबंद स्क्रू तो हाच. किती दाब, किती इंधन, कधी ठिणगी, हे सगळे त्यात लिहिलेले असते. पोलोसारख्या इंजिनात नुसत्या रिमॅपने शक्ती १३० च्या आसपास नेतात. त्यापुढे जायचे तर मोठा टर्बो, आणि मग इंधनाची बाजू तोकडी पडते. इंजेक्टर प्रत्येक फेरीत ठरावीक वेळच उघडा राहू शकतो. तो वेळ संपला आणि हवा अजून येतच असेल तर मिश्रण पातळ पडते. डिझेलमध्ये उलटी चूक झाली तर धूर निघतो आणि सगळ्यांना दिसतो. पेट्रोल टर्बोत पातळ मिश्रणाचा धूर दिसत नाही. तापमान चढत जाते आणि पहिली खूण मिळते ती व्हॉल्व्ह किंवा पिस्टन वितळल्यावर. म्हणून जाणकार माणूस इंजेक्टर आणि उच्च दाबाचा पंप आधी वाढवतो आणि मग हवा वाढवतो. ट्रकच्या मिस्त्रीचा नियम इथे उलटा लागतो.

यात आता उसाचाही हात आहे. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आले. शुद्ध पेट्रोलच्या एका किलोला १४.७ किलो हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन सोडावे लागते आणि इंजेक्टरची शिल्लक तेवढी कमी होते. दुसरीकडे इथेनॉल सिलिंडर थंड ठेवते आणि खडखड रोखते, जेटफायरच्या टाकीतले मिथेनॉल करी तसे. साखरपट्ट्यातून आलेला माल बोरघाटात पिस्टन वाचवतो आणि इंजेक्टरला दमवतो, असा हा व्यवहार.

कायदा या सगळ्याकडे कसा पाहतो? मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम सांगते की, नोंदणीतले तपशील मूळ निर्मात्याच्या तपशिलांपेक्षा वेगळे होतील असा बदल करता येणार नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट शब्दांत उचलून धरले. पण संगणकातला पाढा वरून दिसत नाही. तपासणीत काळा धूर पकडता येतो, वाढवलेला दाब नाही. ट्रकचा तुटलेला सील निदान डोळ्यांना दिसे.

आता सुरुवातीच्या भागाकाराकडे येतो, कारण मला त्याची काळजी वाटते. चार माणसे बसलेली फियाट म्हणजे सव्वा टनाच्या आत-बाहेर वजन. टनामागे ३३ च्या आसपास अश्वशक्ती. शेजारच्या १२१० च्या ८.३ शी तुलना केली तर चौपट. चार माणसांची पोलो जीटी चौदाशे किलोंची धरली तर टनामागे ७५. शेजारच्या ५५३० च्या तेरा-चौदापट. तीच रिमॅप केलेली, १३० अश्वशक्तीची, टनामागे ९३. म्हणजे सतरापट. घाटात मोटारींना ताशी ६० किलोमीटरची मर्यादा आहे आणि आता कॅमेरेही आहेत, पण अंगात असलेली ताकद वळणापुढे ट्रकचे मागचे दिवे दिसेपर्यंत वापरली जाते. ट्रक ताशी वीसने चालला आहे, मागून येणारी गाडी ऐंशीने, दोघांत सेकंदाला साडेसोळा मीटरचा फरक. फियाटच्या जमान्यात हा फरक इतका होऊच शकत नव्हता. इंजिनात जितकी हवा भरली तितके ब्रेक कुणी वाढवले, असे मी या गाड्यांच्या मालकांना विचारतो. काहींनी वाढवलेले असतात. ती माणसे बहुधा गाडीही सावकाश चालवतात, असा माझा अनुभव आहे.

उतरतानाची गोष्ट तर टर्बोच्या कक्षेबाहेरची आहे. पाय काढला की धूर थांबतो, चक्र मंदावते आणि वाढवलेली सगळी शक्ती क्षणात नाहीशी होते. उरते ते गाडीचे वजन आणि लहान इंजिनाची तुटपुंजी रोध शक्ती. जुन्या ड्रायव्हरांचा नियम होता, ज्या गिअरात चढलात त्याच गिअरात उतरा. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारून उतरणारे ट्रक या घाटाने किती खाल्ले, हे खालापूर तालुक्यातल्या कुठल्याही गावकऱ्याला विचारा. गिअर टाकलेला असताना पायाखाली डिझेल बंदच असते, त्यामुळे न्यूट्रलमध्ये बचत होते हा समजही आजच्या गाड्यांत खरा नाही.

२५ टनांचा ट्रक साडेपाचशे मीटर खाली येतो तेव्हा सुमारे ३७ युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी घालवावी लागते. महिन्याला शंभर युनिट जाळणाऱ्या घराची अकरा दिवसांची वीज. खेकडा इंजिने उतरताना मोटरींचेच जनित्र करून अशी वीज तारेत परत सोडत. आणि डोंगराच्या वर वळवण, लोणावळा, शिरोता या तलावांतले पाणी नळांतून खोपोलीच्या टाटा वीजगृहात १९१५ पासून पडते आहे, पाचशे मीटरहून अधिक खाली. २५ टन पाणी, म्हणजे २५ हजार लिटर, तिथे पडले की यंत्रांतली तूट जाऊन तीस युनिटच्या आसपास वीज निघते. त्याच उंचीवरून, जवळपास त्याच जागी उतरणाऱ्या ट्रकची ऊर्जा ब्रेक ड्रममध्ये जाते. दुपारी खोपोलीच्या उतारावर ड्रमवर पाण्याची बादली ओतणारे क्लीनर दिसतात, आणि बायपासच्या कडेने जळक्या लायनिंगचा वास येत राहतो.